वजन कमी करण्याचे ऑपरेशन : कोणते, कोणासाठी आणि तयारी कशी करावी?



"पोटाचे ऑपरेशन केले की वजन उतरते, शुगरही जाते," हे आता हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या वस्त्यांतही ऐकू येते. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात. कोणी सांगते ही जादू आहे, कोणी सांगते यात माणूस दगावतो. ऐकीव गोष्टींवर शेत विकायचे, दागिने गहाण ठेवायचे किंवा गटाचे कर्ज उचलायचे, यापेक्षा आधी नीट समजून घेतलेले बरे.

महाराष्ट्राने या ऑपरेशनच्या दोन बाजू पाहिल्या आहेत. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतले. त्यानंतरही ते राजकारणात जोमाने काम करत राहिले. दुसरीकडे, इजिप्तच्या इमान अहमद यांना २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. मार्चमध्ये त्यांचे ऑपरेशन झाले, वजन बरेच उतरले, मे महिन्यात पुढच्या उपचारांसाठी त्यांना अबूधाबीला नेले आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचे निधन झाले. त्यांना आधीपासून अनेक गंभीर आजार होते. यातून दोन गोष्टी कळतात. ऑपरेशनचा उपयोग होतो, पण ते उपचाराचा एक टप्पा आहे, शेवट नाही. आणि शरीर पार खचेपर्यंत थांबले तर ऑपरेशनच्या हातातही फारसे उरत नाही.

लठ्ठपणा म्हणजे आळस नव्हे

वजन वाढले की घरचे आणि बाहेरचे सगळे माणसालाच दोष देतात. पण वजन वाढण्यामागे आनुवंशिकता, हार्मोन, थायरॉईड, काही औषधे, कमी झोप, बाळंतपणानंतरचे बदल अशी अनेक कारणे असतात. स्वस्तात पोट भरायचे तर ताटात भात, साखरेचा चहा, बिस्किटे आणि तेलकट पदार्थच जास्त येतात. डाळ, अंडी, भाजी महाग पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात प्रौढ स्त्री-पुरुषांपैकी जवळपास चारांत एकाचे वजन प्रमाणाबाहेर आहे. म्हणून हा फक्त श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

ऑपरेशन कोणाला लागते?

यासाठी बीएमआय नावाचे माप वापरतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. समजा, वसमतच्या एखाद्या वस्तीतल्या बाईंची उंची पाच फूट, म्हणजे १.५२ मीटर आहे आणि वजन ९६ किलो आहे. ९६ भागिले १.५२ म्हणजे ६३.२. त्याला पुन्हा १.५२ ने भागले की ४१.५ च्या आसपास येते. हा त्यांचा बीएमआय.

आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. युरोपीय लोकांपेक्षा आपल्या लोकांच्या पोटावर चरबी जास्त साठते आणि शुगरही कमी वजनात लागते, म्हणून आपली मर्यादा खालची आहे. ऑपरेशनसाठी भारतात बरीच वर्षे असा हिशेब चालत आला : शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणे असे आजार सोबत असतील तर ३२.५ च्या वर, आणि असे आजार नसतील तर ३७.५ च्या वर. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या जागतिक संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणली. आशियाई लोकांना २७.५ पासूनही ऑपरेशनचा विचार करता येईल, असे त्यांनी म्हटले.

विचार करता येईल याचा अर्थ करायलाच हवे असा नाही. आधी निदान सहा महिने मनापासून आहार, चालणे आणि औषधे यांचा प्रयत्न झालेला असावा. आता आठवड्यातून एकदा घ्यायची वजन कमी करणारी इंजेक्शनेही आली आहेत. त्यांचा चांगला उपयोग होतो, पण ती महाग आहेत आणि बंद केली की बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते. ती डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत.

आणखी एक गैरसमज दूर करू. नळीने चरबी ओढून काढणे किंवा पोटाची सैल कातडी कापणे हे वजन कमी करण्याचे ऑपरेशन नव्हे. त्याने शरीराचा आकार बदलतो, शुगर-बीपीवर उपाय होत नाही. कोणी दोन्ही एकच आहे असे सांगत असेल तर तिथून उठावे.

ऑपरेशनचे प्रकार

ही सगळी ऑपरेशने आता बहुतेक वेळा दुर्बिणीने होतात. पोटावर चार-पाच बारीक छिद्रे पाडतात, मोठी चीर नसते.

पहिला प्रकार स्लीव्ह. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. थोड्या खाण्यात पोट भरते. शिवाय भूक वाढवणारे हार्मोन ज्या भागात जास्त तयार होते तोच भाग निघाल्यामुळे भूकही कमी होते. ऑपरेशन तुलनेने सोपे आहे. पण काढलेले जठर परत बसवता येत नाही, आणि ज्यांना छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे हा त्रास आहे त्यांचा त्रास वाढू शकतो. वर्ष-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके वजन उतरते. ९६ किलोच्या बाईंचे सुमारे २४ किलो.

दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. यात जठराच्या वरच्या बाजूला लहान कपाएवढीही नाही अशी छोटी पिशवी करतात आणि लहान आतडे तिला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. दोन ठिकाणी जोड असतात. शुगर नियंत्रणात येण्यासाठी आणि जळजळीच्या त्रासासाठी हा प्रकार चांगला मानतात. वजन स्लीव्हपेक्षा थोडे जास्त उतरते. उलट बाजू अशी की लोह, बी-१२, कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. गोड खाल्ल्यावर घाम फुटणे, छाती धडधडणे, जुलाब होणे असा त्रास काहींना होतो. तंबाखू खाणाऱ्याला किंवा अंगदुखीच्या गोळ्या घेणाऱ्याला जोडाच्या जागी अल्सर होण्याचा मोठा धोका असतो.

तिसरा प्रकार एका जोडाचा बायपास. याला मिनी बायपासही म्हणतात. जठराची लांबट पिशवी करून आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. भारतात हा बऱ्यापैकी प्रचलित आहे. वेळ कमी लागतो, शुगरवर आणि वजनावर परिणाम चांगला होतो. पण पित्त जठरात उलटे येण्याचा त्रास होऊ शकतो आणि पोषणाची कमतरता जास्त पडू शकते. नाव 'मिनी' आहे म्हणून हे छोटे ऑपरेशन आहे असे समजू नये.

जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आता जवळजवळ बंद पडली आहे. तोंडातून दुर्बिणीने जठरात फुगा सोडण्याची पद्धत आहे, पण ते ऑपरेशन नाही. फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि त्यानंतर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते.

मग निवड कशी करायची?

फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची पाच वर्षे तुलना झाली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वजनात दोन्हींमध्ये फार मोठा फरक दिसला नाही, बायपास थोडा पुढे होता. जळजळीचा त्रास मात्र स्लीव्हनंतर जास्त दिसला. म्हणजे सर्वांत भारी ऑपरेशन कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे. माझ्या शरीराला आणि माझ्या घराला कोणते झेपेल, हे विचारावे.

- शुगर बरीच वर्षांची आहे, इन्शुलिन चालू आहे किंवा जळजळीचा जुना त्रास आहे, तर डॉक्टर बहुधा बायपासकडे झुकतात.
- गुडघे-कंबर दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी लागते, तर बायपास धोक्याचा ठरू शकतो. हे डॉक्टरांपासून लपवू नका.
- तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री सुटत नसेल, तर बायपास नकोच. खरे तर ते सुटेपर्यंत कोणतेच ऑपरेशन नको.
- दर वर्षी तपासणीला जाणे आणि महिन्याच्या गोळ्या घेणे अवघड असेल, तर स्लीव्हबद्दल विचारा. पण स्लीव्हनंतरही गोळ्या आणि तपासण्या टळत नाहीत.
- पोटाची आधीची मोठी ऑपरेशने झाली असतील, तर कागदपत्रांसह सांगा. आत चिकटलेले भाग असल्यास आखणी बदलावी लागते.

शुगरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑपरेशननंतर अनेकांची शुगर औषधाशिवाय नियंत्रणात राहते. पण जितकी शुगर जुनी, तितकी ही शक्यता कमी. काही वर्षांनी ती परतही येऊ शकते. म्हणून "शुगर कायमची जाईल" अशी खात्री कोणी देत असेल तर सावध राहा.

तयारी : ऑपरेशनच्या आधीचे महिने

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, थायरॉईड, लिव्हर, किडनी, बी-१२, डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीने जठर पाहणे, ईसीजी आणि हृदयाची टू-डी इको असते. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे असेल तर झोपेची तपासणीही लागते, कारण भूल देताना त्याचा धोका असतो. यांतल्या रक्ताच्या साध्या तपासण्या सरकारी रुग्णालयात कमी खर्चात करून घेता येतात. हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्यात पाय ठेवण्याआधी सरकारी डॉक्टरांचे मत घ्या.

आपल्या समाजाने एक तपासणी मुद्दाम करून घ्यावी, ती सिकलसेलची. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो, आणि आपल्या अनेक घरांची सोयरीक वाशीम, यवतमाळ, अकोल्याकडे आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाला भूल, थंडी आणि पाण्याची कमतरता यांमुळे गंभीर त्रास होऊ शकतो. साधी रक्त तपासणी आहे. अहवाल भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तंबाखू कोणत्याही रूपातली असो, निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. दात घासायची मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, हे माय-भगिनींनी लक्षात घ्यावे. दारू बंद. ऑपरेशननंतर तीच दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

शेवटचे साधारण दोन आठवडे डॉक्टर कमी उष्मांकाचा, बहुतेक पातळ आहार देतात. लठ्ठ माणसाचे लिव्हर चरबीने सुजलेले असते आणि ते जठराच्या अगदी पुढ्यात येते. या आहाराने ते आकसते आणि डॉक्टरांना काम करायला जागा मिळते. "उद्यापासून खायला मिळणार नाही" म्हणून आदल्या आठवड्यात मटणाची जेवणे घालू नका. या काळात शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिनचे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, झाडपाल्याची औषधे यांचीही माहिती द्या.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी : ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नयेत. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि गर्भ लवकर राहू शकतो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडत नाहीत. तांबीबद्दल आधीच विचारा.

कामाचाही विचार करा. चार ते सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही. हळद काढणीचा हंगाम, ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामाची मजुरी तोंडावर असेल तर तारीख पुढे घ्या. घरात पाणी कोण भरेल, लहान मुले कोण पाहील, हे आधी ठरवा.

पैशांचा हिशेब

खासगी रुग्णालयात हे ऑपरेशन अडीच-तीन लाखांपासून पुढे जाते. त्यात नंतरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, तपासण्या आणि जाण्या-येण्याचा खर्च धरलेला नसतो. म्हणून एकट्या ऑपरेशनचा नव्हे, पुढच्या पाच वर्षांचा खर्च मांडा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच मिळते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचे नेमके नाव सांगून ते यादीत आहे का, हे विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. "योजनेत बसवतो" असे बाहेरचा माणूस म्हणत असेल तर त्याच्या हातात पैसे देऊ नका.

धर्मादाय रुग्णालयांना एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, उपकार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज द्या.

ज्यांचा आरोग्य विमा आहे त्यांनी पॉलिसी वाचावी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ किंवा त्याहून अधिक असून गंभीर हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासविकार किंवा आटोक्यात न येणारी शुगर असेल, तर असे ऑपरेशन विम्यात बसू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीच्या उपचारांचे कागद जपून ठेवा.

ऑपरेशननंतर

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हे गरजेचे असते. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ : पाणी, ताक, वरणाचे पाणी, गाळलेले सूप. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले : वरण, मऊ भात, कुस्करलेले अंडे. मग मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, पण थोडे. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. अंडी, मासळी, चिकन, डाळी, दही, सोयाबीन यातून ती मिळतात. ताटात आधी हे संपवायचे, मग भाजी, शेवटी भाकरी-भात. घास बारीक, चावून चावून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यायचे.

तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. कातडी सैल पडते. पित्ताचे खडे होऊ शकतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायम घ्यायच्या आणि दर वर्षी रक्त तपासायचे. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या थांबवलेल्या लोकांना काही वर्षांनी हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात.

जिवाचा धोका अनुभवी हातांत कमी आहे, हजारात एखाद-दुसरा, पण तो शून्य नाही. पहिल्या महिन्यात पुढीलपैकी काहीही झाले तर रात्र असो वा पहाट, ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाला फोन करा आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा : ताप, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ, नाडी मिनिटाला १२० च्या वर, धाप लागणे, पोटरी सुजणे, काळी शी, किंवा थांबत नाही अशी उलटी. जठराचा जोड गळत असेल तर उशीर जिवावर बेततो. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून "बघू उद्या" असे करू नका. डिस्चार्जचा कागद घरात सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

डॉक्टरांसमोर जाताना कागदावर प्रश्न लिहून न्या. सोबत घरातले शिकलेले मूल किंवा वस्तीतली आशाताई असू द्या.

१. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशने केली आहेत?
२. माझ्यासाठी हाच प्रकार का, दुसरा का नाही?
३. काही बिघडले तर इथे अतिदक्षता विभाग आहे का, आणि त्याचा खर्च कोण करणार?
४. आहारतज्ज्ञ आहे का, आणि पुढची किती वर्षे तपासणी तुमच्याकडे होईल?
५. एकूण खर्च लेखी द्याल का?

या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर आपला नव्हे. शांतपणे, कागदावर चित्र काढून समजावणारा डॉक्टर शोधा. आज ऑपरेशन करायचे नाही असे ठरले तरी काही बिघडत नाही. वजन, उंची, कमरेचा घेर आणि शुगर वर्षातून दोनदा मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे निर्णय घ्यायची वेळ आली तर डॉक्टर सगळ्यात आधी तीच वही मागतील.